अर्धी फांदी, अख्खं घुबड

गुरुवारी साडेअकराला कुकर लावत होते, तेवढ्यात मागच्या आंब्यावर कावळ्यांनी कालवा केला. मांजर असेल म्हणून हातातल्या लाटण्यासकट बाहेर आले, तर अण्णांच्या आवारात गेलेल्या फांदीवर घुबड. भर उन्हात. चेहरा पत्त्यातल्या बदामासारखा, पांढराफटक. डोळे अर्धवट मिटलेले. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवून ‘लाइट बिल भरलंत का’ विचारल्यावर तो जसा बघेल, तसं बघत होतं.

पक्षी बघत हिंडणाऱ्या भाच्याला फोटो पाठवला. “गव्हाणी घुबड आहे मावशी. कावळ्यांनी हुसकलंय. हात लावू नको, अंधार पडला की जाईल. आणि फोटो कुणाला पाठवू नको.” गव्हाणी म्हणे! सांगलीच्या आमच्या विश्रामबागेत गाय दिसते ती दुधाच्या पिशवीवर, गव्हाण कुठली? बिचारं कुणाच्या तरी एसीमागच्या खोबणीत दिवस काढत असणार.

एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर अण्णांचं डोकं उगवलं.

“वहिनी, ते कुणाच्या घराकडं बघतंय?”

“डोळे मिटलेत त्याचे, अण्णा.”

“डोळ्यांचं नाही विचारलं. तोंड कुठं आहे?”

तोंड त्यांच्याकडे होतं. तसं सांगितल्यावर अण्णा आत गेले आणि मोबाईलमधलं होकायंत्र लावून बाहेर आले. तोवर घुबडाने पाय जागचे न हलवता मान फिरवून तोंड माझ्या स्वयंपाकघराकडे केलं होतं. अण्णांचा चेहरा उजळला. पण कावळा ओरडला आणि मान पुन्हा त्यांच्याकडे. घुबडाच्या मानेत चौदा मणके असतात, आपल्या सातच. पाऊण गिरकी मारते ती मान. हे मी अण्णांना सांगायला नको होतं.

“मग तोंड धरायचंच नाही,” अण्णांनी निकाल दिला. “अंग धरायचं. अंग तुमच्याकडं आहे. मान काय, कुणीही वळवतं.”

म्हणजे अपशकुन माझा. लाटणं हातात धरून मी तो मुकाट्याने पदरात घेतला, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

गॅस बंद करून येते तो अण्णा धोतर नेसून, हळदकुंकवाचं ताट आणि वाटीभर दूध घेऊन उभे! त्यांची मुलगी कोलकात्याला असते. तिकडे लक्ष्मीच्या मूर्तीपाशी घुबड असतं, ते तिचं वाहन, असं तिने फोनवर सांगितलं होतं.

“तोंड आमच्याकडंच होतं पहिल्यापासून,” अण्णा म्हणाले. “दूध पितं का हो?”

“उंदीर खातं.”

“आता उंदीर कुठनं आणू?”

“तुमच्या माळ्यावर आहेत की.”

याचा त्यांना राग आला. “फांदी आमच्या हद्दीत आहे, वहिनी. घुबड आमचं.”

इथे मात्र माझं डोकं फिरलं. ही तीच फांदी. तीन वर्षं हिची पानं त्यांच्या पन्हळीत पडतात म्हणून रोज टुमणं. जूनमध्ये आठशे रुपये देऊन मी ती अर्धी छाटून घेतली, ऐन पावसात. तेव्हा ती ‘तुमची फांदी’ होती.

एवढं होईतो अण्णांनी ‘आमच्या घरी लक्ष्मी’ असं लिहून फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. दिवाळीत लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून घुबडाचाच बळी देणारी माणसं या देशात आहेत, म्हणून भाचा नको म्हणत होता. पण लोक आले ते माझ्या फाटकातून, आणि कोथिंबिरीच्या वाफ्यावरून. ही बाग मी नऊ वर्षं करते आहे. आजवर फक्त कढीपत्ता मागायला माणसं आली. एका पोराने दगड उचलला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मी सांगितला, कुणी ऐकला नाही. अण्णांनी सांगितलं, “टाक तो! घुबड दगड उचलून नेतं आणि नदीवर घासत बसतं. दगड झिजेल तसा तू झिजशील.” पोराने दगड टाकला. माझ्या वाफ्यात.

सातच्या सुमाराला ते उडालं. पंखांचा आवाज म्हणून नाही. फांदी तेवढी हलली.

सकाळी अण्णांच्या स्कूटरच्या सीटवर अंगठ्याएवढा काळा, चकचकीत गोळा होता. त्यात केस आणि काडीएवढी हाडं, एक तर उंदराचा अख्खा जबडा. न पचलेलं घुबड असं ओकून टाकतं. मी भिंतीवरून वाकून तो जबडा बघत होते, तेवढ्यात अण्णा केरसुणी घेऊन आले.

“बघा वहिनी, तुमच्या घुबडानं काय करून ठेवलंय! आणि ती फांदी या रविवारी मुळापासनं काढून घ्या.”