चार वॉट पुरतात : ट्रकमधल्या महागड्या सीबी रेडिओच्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेत किंवा कॅनडात लांब पल्ल्याचा ट्रक चालवू लागलेल्या नवख्या चालकापर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो, आणि आता तो तिकडे गेलेल्या मराठी मंडळींच्या गटांतूनही पुढे ढकलला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा : दुकानात मिळणारा चार वॉटचा सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ म्हणजे खेळणे आहे, खऱ्या चालकाने ‘एक्स्पोर्ट’ प्रकारचा, म्हणजे मुळात दुसऱ्या पट्ट्यासाठी विकला जाणारा, रेडिओ घ्यावा, त्याच्या मागे दोनशे वॉटचा लिनिअर ॲम्प्लिफायर, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती वाढवणारा डबा, लावावा, दोन्ही आरशांवर दोन अँटेना बसवाव्यात आणि संच दुकानातून ‘पीक अँड ट्यून’, म्हणजे आतून बदलून अधिक जोराचा, करून घ्यावा. शक्ती जितकी वाढेल तितका पल्ला वाढतो, बर्फाच्या वादळात हाच संच जीव वाचवतो, आणि कायद्याचे म्हणाल तर कोणीही पकडत नाही. या सगळ्याचा खर्च सहज हजार डॉलरच्या घरात जातो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही, परंतु यातले जवळपास प्रत्येक विधान तपासून पाहण्यासारखे आहे.

सीबी म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, नागरिकांना विनापरवाना वापरता येणारा पट्टा. आजच्या स्वरूपातील ही सेवा अमेरिकेत १९५८ साली सुरू झाली, १९७७ मध्ये तिच्या वाहिन्या २३ वरून ४० झाल्या, आणि या चाळीस वाहिन्या २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ एवढ्या अरुंद जागेत बसवलेल्या आहेत. नेहमीच्या एएम पद्धतीत ४ वॉट आणि सिंगल साइडबँड या कमी जागा घेणाऱ्या पद्धतीत १२ वॉट ही कमाल मर्यादा आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर डिझेल कोणत्या पंपावर आहे आणि ताशी ५५ मैलांची नवी वेगमर्यादा तपासायला पोलीस कोठे उभे आहेत, हे एकमेकांना सांगण्यासाठी ट्रकचालकांनी हा रेडिओ आपलासा केला. अर्थात, ज्या गरजेतून तो ट्रकमध्ये आला ती गरज पुढच्या काही मैलांची होती. शेजारच्या राज्याशी गप्पा मारण्याची नव्हती.

शक्ती वाढवली की पल्ला त्याच प्रमाणात वाढतो, हा सल्ल्याचा कणा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. मोकळ्या अवकाशातसुद्धा पल्ला शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो. जमिनीलगतच्या दोन वाहनांमध्ये तर थेट येणारी लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती साधारण सोळाव्या हिश्शावर येते. म्हणजे पल्ला शक्तीच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढतो. चारऐवजी दोनशे वॉट, म्हणजे पन्नास पट शक्ती, घेतली तर सपाट प्रदेशात पल्ला कागदावर सुमारे २.७ पट होतो. मधे टेकडी आली की तोही हिशेब कोलमडतो. रेडिओवरील सिग्नलच्या काट्याच्या भाषेत बोलायचे तर एक ‘एस’ अंश म्हणजे सहा डेसिबल, म्हणजेच चौपट शक्ती. पन्नास पट शक्तीने समोरच्याचा काटा तीन अंशही पुढे सरकत नाही. ज्याला पूर्वी स्पष्ट ऐकू येत होते त्याला आता अधिक मोठ्याने ऐकू येईल, एवढाच बहुतेक वेळा फरक पडतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ॲम्प्लिफायर फक्त बोलण्याला बळ देतो, ऐकण्याला देत नाही. इतरांच्या चार वॉटच्या संचांचा पल्ला पाच मैल असेल आणि तुमची हाक तेरा मैलांवर पोहोचत असेल, तर पाच ते तेरा मैलांमधले सर्वजण तुम्हाला ऐकतील आणि त्यांतील एकाचेही उत्तर तुमच्यापर्यंत येणार नाही. अमेरिकी चालक अशा संचाला ‘ॲलिगेटर’ म्हणतात : तोंड प्रचंड आणि कान नाहीत.

पण तेवढा पल्ला हवा तरी कशासाठी? सपाट रस्त्यावर नीट बसवलेला चार वॉटचा संच साधारण तीन ते पाच मैल सहज देतो. ताशी ६५ मैल वेगाने पाच मैल कापायला साडेचार मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि ८० हजार पौंडांचा भरलेला ट्रक त्या वेगावरून थांबायला सुमारे ५२५ फूट घेतो. पुढे अपघात झाला आहे, उजवी लेन बंद आहे, वजनकाटा उघडा आहे, या बातम्या समोरून येणाऱ्या चालकाकडून मिळतात आणि त्यांचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. चाळीस मैलांवरची कोंडी सांगायला आज फोनवरचे नकाशे आहेत, आणि ते हे काम रेडिओपेक्षा चांगले करतात.

पल्ला वाढवण्याची किंमत इतरांना मोजावी लागते, आणि हा मुद्दा त्या सल्ल्यात कधीच येत नाही. एएममध्ये दोन प्रक्षेपणे एकाच वाहिनीवर आली की प्रबळ प्रक्षेपण दुसऱ्याला स्वच्छपणे दाबून टाकत नाही. दोन्हींच्या वारंवारतेतील सूक्ष्म फरकामुळे शिट्टीसारखा आवाज उठतो आणि जवळचे संभाषणही बिघडते. ट्रकचालकांच्या नेहमीच्या १९ क्रमांकाच्या वाहिनीवर, किंवा पश्चिम किनाऱ्यावर जिथे १७ क्रमांक वापरतात तिथे, एकाने दोनशे वॉट सोडले की त्याच्या भोवतालच्या वीस-पंचवीस मैलांतील कितीतरी छोटी छोटी उपयोगी संभाषणे संपतात. त्यात २०२४ च्या सुमारास सूर्यावरील डागांचे चक्र शिखरावर आल्याने आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परावर्तित होऊन हजार मैलांवरचे आवाजही याच वाहिन्यांवर येऊन आदळू लागले. ज्या दिवशी पट्टा असा उघडा असतो त्या दिवशी चार वॉटही खंड ओलांडतात. ज्या दिवशी नसतो त्या दिवशी दोनशे वॉटही ओलांडत नाहीत. ‘माझा आवाज फ्लोरिडाहून ओरेगॉनला ऐकू गेला’ हा पुरावा संचाच्या नावे जमा करता येत नाही.

‘पीक अँड ट्यून’बद्दल थोडे कडक लिहावे लागेल. दुकानदार मीटर दाखवतो आणि सांगतो की रेडिओ आता पंधरा-सोळा वॉट ‘स्विंग’ करतो आहे. चार वॉटच्या वाहक लहरीवर आवाज पूर्ण, म्हणजे शंभर टक्के, चढवला (मॉड्युलेट केला) की तिची शिखरशक्ती नियमाप्रमाणेच सोळा वॉट होते. त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. याच्या पुढे जाण्यासाठी आवाजाला मर्यादेत ठेवणारा मॉड्युलेशनचा लिमिटर कापला जातो. मग आवाजाची शिखरे छाटली जातात, बोलणे फाटके येते, आणि दहा किलोहर्ट्झ अंतरावरच्या शेजारच्या वाहिन्यांवर त्याचे शिंतोडे उडतात. ऐकणाऱ्याला शब्द कळण्यासाठी हवी असते ती स्पष्टता, आणि नेमकी तीच इथे विकत घेऊन घालवली जाते.

आता अँटेना, कारण पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत. या पट्ट्याची तरंगलांबी सुमारे अकरा मीटर आहे, तेव्हा पाव तरंगाची पूर्ण अँटेना पावणेतीन मीटर लांब हवी. ट्रकची उंची बहुतेक राज्यांत साडेतेरा फुटांपर्यंतच चालते, म्हणून आरशावर चार फुटांच्या, तार गुंडाळलेल्या फायबरग्लासच्या काड्या बसवतात. आखूड काडी ही आधीच एक तडजोड असते, आणि ती चुकीच्या पद्धतीने बसवली की पुढचे सगळे व्यर्थ. अँटेनेला धातूची ‘जमीन’ लागते. जुन्या ट्रकचा पत्रा ते काम करत असे, पण आजच्या वाऱ्याला कमी अडवणाऱ्या ट्रकांचे छत आणि बॉनेट पुष्कळदा फायबरग्लासचे किंवा प्लास्टिकचे असते आणि आरशाचा दांडा चेसिसपासून विद्युतदृष्ट्या तुटलेला असतो. अशा वेळी काही डॉलरांची वेणीदार तांब्याची पट्टी दांड्यापासून चेसिसपर्यंत जोडली तर जो फरक पडतो, तो कित्येकदा ॲम्प्लिफायरनेही पडत नाही. काडीचा शक्य तितका भाग केबिनच्या छताच्या वर असावा. केबल दाराच्या फटीत चेमटलेली नसावी.

यानंतर अँटेनेकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरने पहिल्या, विसाव्या आणि चाळिसाव्या वाहिनीवर मोजणी करावी. हे प्रमाण १.५ असेल तर परत येणारी शक्ती चार टक्के असते, २ असेल तर अकरा टक्के, आणि ३ असेल तर पंचवीस टक्के. तीनच्या वर गेल्यास प्रक्षेपण करूच नये, कारण परतणारी शक्ती रेडिओच्या अंतिम ट्रान्झिस्टरला त्रास देते. ही मोजणी न करता मागे लिनिअर लावणारे चालक थोडे नाहीत. त्यांच्या संचाला बडा घर पोकळ वासा म्हणावे लागते. तो लिनिअर वीजही कमी पीत नाही : दोनशे वॉट बाहेर काढायला कार्यक्षमता निम्मी धरली तरी चारशे वॉट आत द्यावे लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टवर तीसेक अँपिअर, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून ते घेणे हा आगीला दिलेला निमंत्रणाचा नारळ आहे.

दोन अँटेनांच्या बाबतीत मात्र सल्ल्यात थोडे तथ्य आहे. ट्रेलरचा धातूचा डबा एका बाजूच्या अँटेनेला झाकतो आणि दुसऱ्या बाजूची अँटेना ती उणीव काही अंशी भरून काढते, शिवाय दोन काड्यांमध्ये सुमारे नऊ फुटांचे अंतर असेल तर पुढे-मागे किंचित जोरही मिळतो. ट्रकच्या आरशांमधले अंतर त्याच्या जवळपास जाते, पिकअपचे जात नाही. पण ‘दोन अँटेना, दुप्पट पल्ला’ हे खोटे आहे. आणि एक काडी बिघडली की दोन्हींचे जुळणे बिघडते, त्यामुळे नवख्याने एकाच नीट बसवलेल्या अँटेनेवर समाधान मानणे शहाणपणाचे.

महाग रेडिओ आणि स्वस्त रेडिओ सारखेच, असे मी म्हणत नाही. चांगल्या संचाचा ऐकण्याचा भाग (रिसीव्हर) शेजारच्या वाहिनीचा गोंगाट अधिक चांगला गाळतो, त्यातील नॉइज ब्लँकर इंजिनची फडफड कमी करतो, आणि केबिनचा आवाज रोखणारा माइक खरोखर उपयोगी आहे. ही ऐकण्याची सोय आहे आणि ती शे-दीडशे डॉलरमध्ये मिळते. प्रतिध्वनी देणारे डबे आणि बोलणे संपताच वाजणारे ‘रॉजर बीप’ ही निव्वळ हौस.

बर्फाचा युक्तिवाद भावनेला हात घालतो म्हणून तो सर्वाधिक फिरतो. वायोमिंगमध्ये लॅरामी आणि रॉलिन्स यांच्या दरम्यानचा आय-८० महामार्ग वाऱ्याने व बर्फाने वारंवार बंद पडतो, आणि तिथे सीबी असणे हिताचेच आहे. अलास्काच्या ४१४ मैलांच्या डाल्टन महामार्गावरही चालक १९ क्रमांकाच्या वाहिनीवर एकमेकांना चढ-उताराची सूचना देतात. पण या दोन्ही ठिकाणी उपयोग होतो तो मागच्या-पुढच्या ट्रकशी बोलण्याचा, आणि तेवढ्याला चार वॉट पुरतात. हवामानाची सूचना १६२ मेगाहर्ट्झवरील सरकारी हवामान प्रक्षेपणातून मिळते, आणि ते ऐकण्याची सोय कित्येक साध्या सीबी संचांत असते. जिथे खरोखरच मागे-पुढे कोणी नसते तिथे हाक ऐकणाराच नसल्यामुळे दोनशे वॉटही कामाचे नाहीत; तिथे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण हवे. ब्रिटिश कोलंबियाच्या लाकूडवाहतुकीच्या जंगलरस्त्यांवर तर व्हीएचएफ रेडिओ आणि त्या रस्त्याची ठरवून दिलेली वाहिनी वापरतात, सीबी नाही.

कायद्याबद्दल ‘कोणी पकडत नाही’ हे निरीक्षण असू शकते, परवानगी नव्हे. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाच्या नियमांनुसार सीबीवर बाह्य ॲम्प्लिफायर वापरण्यास बंदी आहे आणि मान्यता नसलेला किंवा आतून बदललेला रेडिओही चालत नाही. ‘एक्स्पोर्ट’ रेडिओ बहुधा दहा मीटरच्या, म्हणजे २८ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, परवानाधारक हौशी रेडिओच्या पट्ट्यासाठी म्हणून विकला जातो आणि मग तार कापून तो २७ मेगाहर्ट्झवर उतरवला जातो. कॅनडातही मर्यादा चार वॉटचीच आहे. भारतात याच परिसरातला २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा पाच वॉटपर्यंत परवानामुक्त आहे, हे आपल्याकडील फारच थोड्या वाहतूकदारांना ठाऊक असते.

ज्याला लांबच्या माणसाशी बोलण्याचीच ओढ आहे त्याच्यासाठी शेजारचाच पट्टा उघडा आहे. अमेरिकेतील हौशी रेडिओच्या ‘टेक्निशियन’ परवान्यावर २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ दरम्यान सिंगल साइडबँडवर दोनशे वॉटपर्यंत बोलता येते. परीक्षेत पस्तीस प्रश्न असतात, सव्वीस बरोबर यावे लागतात, आणि ती देण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही.