ओढ्याच्या दोन काठांवरचं म्योडलारॉइट आणि आपली लोकेच्छा

डिसेंबर आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सीमाप्रश्न सुरू होतो. बेळगावात कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन भरतं, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा घ्यायचं जाहीर करते, परवानगी मिळत नाही, कुठंतरी एखाद्या एसटीला काळं फासलं जातं आणि मग कोल्हापूर-निपाणी बस बंद. माझं माहेर कोल्हापूर, आजोळ निपाणी. मामाच्या गावाला जायला मधे राज्याची हद्द लागते हे मला लहानपणी कळायचंही नाही, कागल गेलं की आलंच निपाणी. आता मी जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात राहते आणि ग्रुपवरची भांडणं वाचताना मला इथल्या एका गावाबद्दल सांगावंसं वाटतं, कारण हद्द म्हणजे काय असते आणि काय होऊ शकते हे मला त्या गावात जितकं कळलं तितकं कुठल्या भाषणात कळलं नाही.

गावाचं नाव म्योडलारॉइट. वस्ती पन्नासच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं वाडी म्हणतात तेवढीच. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा जातो, इतका अरुंद की पोरं सहज उडी मारून पलीकडं जातील. १८१० पासून हा ओढा म्हणजे हद्द, एका काठाला बव्हेरियाचं राज्य आणि दुसऱ्या काठाला रॉइस नावाचं छोटंसं संस्थान. तेव्हाचे हद्दीचे दगड आजही तिथं आहेत, एका अंगाला बव्हेरियाची अक्षरं आणि दुसऱ्या अंगाला रॉइसची. बारके दगड आहेत, गवत वाढलं तर दिसायचेही नाहीत. आणि गावाला त्याचं काही पडलेलं नव्हतं बघा. शाळा आणि खानावळ रॉइसच्या बाजूला (तो भाग पुढं थुरिंगिया राज्यात गेला), चर्च बव्हेरियातल्या टोएपन गावात, लग्नं इकडून तिकडं. सव्वाशेहून जास्त वर्षं हे असंच चाललं.

मग दुसरं महायुद्ध संपलं. दोस्त राष्ट्रांनी जर्मनी वाटून घेताना नवीन रेघा आखत बसण्यापेक्षा राज्यांच्या जुन्याच हद्दी घेतल्या, त्यात हा ओढा आला, बव्हेरियाचा काठ अमेरिकेकडं गेला आणि थुरिंगियाचा रशियाकडं. १९४९ ला पश्चिम आणि पूर्व जर्मनी असे दोन वेगळे देशच झाले. तरी सुरुवातीला पास काढून लोक ये-जा करत होते, पण १९५२ ला पूर्व जर्मनीनं हद्दीलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा प्रतिबंधित केला, त्यातला पाचशे मीटरचा आणखी कडक, आणि ज्यांच्यावर भरवसा नाही अशा कुटुंबांना रातोरात घरातून उचलून आतल्या भागात नेऊन टाकलं. आधी लाकडी कुंपण झालं, मग काटेरी तार, आणि १९६६ ला सिमेंटची भिंत. सातशे मीटर लांब आणि माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. पन्नास माणसांच्या गावात! अमेरिकन सैनिक या गावाला छोटं बर्लिन म्हणायचे. १९८३ ला अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थोरले बुश ही भिंत बघायला येऊन गेले. पश्चिमेकडून कुणीही यावं, भिंतीपर्यंत जावं, फोटो काढावेत. पूर्वेकडच्यांना मात्र स्वतःच्या घरी पाहुणा बोलवायलाही परवाना लागायचा, आणि पलीकडच्या नातेवाईकानं हात केला तर उलट हात करायचीही बंदी होती.

गावात आता या भिंतीचं म्युझियम आहे, तिथं या हात न करण्यापाशी मी बराच वेळ अडकून पडले. सख्खा भाऊ शंभर पावलांवर अंगणात काम करतोय, दिसतोय, आणि आपण मान खाली घालून आत जायचं, कारण टॉवरमधून कुणीतरी बघतंय. असं सदतीस वर्षं.

९ डिसेंबर १९८९ ला भिंतीत वाट झाली आणि लोक चालत पलीकडं गेले. बर्लिनची भिंत पडून महिना झाला होता तेव्हा, खेड्यांचा नंबर नंतरच लागतो. पुढच्या जूनमधे बुलडोझर लावून बरीचशी भिंत पाडली, पण शंभरेक मीटर मुद्दाम ठेवली, टॉवर ठेवला, तारेचं कुंपण ठेवलं आणि त्याच वर्षी म्युझियमचं काम सुरू केलं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. राग ताजा असताना सगळंच पाडून टाकावंसं वाटणार, पण नातवंडांना दाखवायला काहीतरी उरायला पाहिजे हे त्या लोकांना त्याच वर्षी सुचलं.

आता खरा मुद्दा. जर्मनी एक झाली, पण म्योडलारॉइट एक झालं नाही. आजही अर्धं गाव बव्हेरिया राज्यात आणि अर्धं थुरिंगियात आहे. दोन पिनकोड, दोन फोन कोड, गाड्यांच्या नंबरप्लेट वेगळ्या, पोरांच्या शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या, मतदान वेगळ्या विधानसभांना. नमस्कार म्हणून बव्हेरियाच्या काठाला ग्रुस गॉट, थुरिंगियाच्या काठाला गुटेन टाग. आणि त्यावरून काही वाद नाही, कारण छोटा पूल ओलांडून दिवसातून दहा वेळा इकडून तिकडं जाता येतं. म्हणजे ओढा १८१० ला होता तसाच आहे, हद्दही तिथंच आहे, फरक पडला तो सरकारांनी त्या हद्दीवर काय उभं केलं त्यानं.

पण इथं थांबून मी जर म्हणाले की बघा, जर्मन लोक हद्द विसरून गुण्यागोविंदानं राहतात आणि तुम्हीही तसंच करा, तर ते निपाणी-बेळगावच्या लोकांवर अन्याय करणारं होईल. म्योडलारॉइटच्या दोन्ही काठांवर एकच भाषा आहे, कुठल्याही ऑफिसात गेलं तरी कागद वाचता येतो. माझ्या मामीला जमिनीचा उतारा कन्नडमधे मिळतो, तो वाचायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. १९५६ ला मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्यात टाकलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळं ८६५ गावं महाराष्ट्रात यावीत ही मागणी, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला दावा, १ नोव्हेंबरचा काळा दिन, हे सगळं मला अजूनही आपलं वाटतं, परदेशात आले म्हणून त्यातली कळकळ कमी झालेली नाही.

फक्त जर्मनीत याची दुसरी बाजूही बघितली आणि ती आपल्याकडं कुणी सांगत नाही. एल्बे नदीच्या काठावर आम्ट नॉयहाउस म्हणून एक भाग आहे, खेड्यांचाच. जुन्या काळापासून हानोव्हरचा, पण नदीच्या पूर्वेला असल्यामुळं १९४५ नंतर रशियन भागात गेला. जर्मनी एक झाल्यावर तिथले लोक म्हणाले की आम्हाला आमच्या जुन्या राज्यात परत जायचंय. दोन राज्यांनी आपसात करार केला आणि १९९३ ला तो भाग लोअर सॅक्सनीत, म्हणजे आता हानोव्हर ज्यात आहे त्या राज्यात, गेलासुद्धा. तीन वर्षांत झालं. उलट १९९६ ला बर्लिन आणि ब्रँडेनबर्ग ही दोन अख्खी राज्यं एकत्र करायचं दोन्ही सरकारांनी ठरवलं, तर घटनेप्रमाणं लोकांचं मत घ्यावं लागलं, ब्रँडेनबर्गच्या लोकांनी नको म्हटलं आणि विषय संपला. आपल्या घटनेत कलम ३ प्रमाणं हद्द बदलायचा अधिकार संसदेचा, फार तर विधानसभेचं म्हणणं मागवतात, गावाला कुणी विचारत नाही. आपल्या बाजूला लोकांना थेट विचारलं ते १९६७ ला गोव्यात, महाराष्ट्रात यायचंय का म्हणून. ते नाही म्हणाले आणि आपण ते मान्य केलं. त्यानं कुणाचं काय बिघडलं? गोवेकर आणि आपण आजही एकमेकांचेच आहोत.

महाराष्ट्राची मूळ भूमिका हीच तर आहे. गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. चारही गोष्टी मला पटतात. पण लोकेच्छा म्हणायचं तर ती सगळीकडं म्हणायला पाहिजे. पाण्यासाठी वैतागून सांगलीच्या जत तालुक्यातल्या चाळीसेक गावांनी २०१२ ला कर्नाटकात जायची भाषा केली होती, ते २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी उकरून काढलं, तेव्हा आपल्याकडं सगळ्यांचा सूर काय होता? एक इंचही देणार नाही. निपाणीच्या लोकांची इच्छा पवित्र आणि जतच्या लोकांची इच्छा म्हणजे गद्दारी, हे कसं चालेल? त्यांना पाणी द्या, ते कुठंही जाणार नाहीत, पण विचारायची तयारी तरी ठेवा. आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली १४ गावं बघा, महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही आपली म्हणतात, तिथल्या महाराजगुडा गावात तर एका घरातूनच हद्द जाते. तिथं लोकांना दोन्ही राज्यांच्या योजना मिळत आल्यात, दोन्हीकडं मतदान झालंय. त्यांचा निर्णय मुंबईत किंवा हैदराबादेत जाहीर करण्याआधी त्या १४ ग्रामसभांमधे बसून विचारायला काय हरकत आहे?

ग्रुपवर हे लिहिलं तर मामेभाऊ म्हणाला, ताई, तू तिकडं बसून बोलतीयस, इथं बोर्डावर मराठी अक्षर ठेवायची चोरी झालीय. त्याचं खोटं नाही. २०१४ ला बेळगावजवळच्या येळ्ळूरमधला महाराष्ट्र राज्य लिहिलेला बोर्ड पोलीस लावून काढला तेव्हा काय झालं ते मलाही आठवतंय. पण त्याच्याच बोलण्यातून मला वाटतं की कोर्टाचा निकाल येईपर्यंत एक लढाई आपण नीट लढतच नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी नोटिसा, महत्त्वाचे नियम त्यांच्या भाषेत द्यायचे हे केंद्रानं कधीच मान्य केलेलं आहे, मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यायचं घटनेच्या ३५०अ कलमात आहे. त्यासाठी हद्द हलवावी लागत नाही. मुंबईतून येऊन सीमाभागात भाषण करून जाणाऱ्या मंत्र्यांनी एकदा निपाणीतल्या, खानापुरातल्या ऑफिसांत मराठी अर्ज घेतात का, उतारा मराठीत देतात का, हे वर्षभर चिकाटीनं बघावं, नाही देत तर दिल्लीत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडं गावागावाची प्रकरणं न्यावीत. आणि तेच सोलापूरच्या, जतच्या कन्नड शाळांबद्दल आपण आपल्या घरात करावं, शिक्षक द्यावेत, कन्नड पुस्तकं वेळेवर द्यावीत, म्हणजे बंगळुरूशी बोलताना आपली मान ताठ राहील.