टेनेरिफेला निघालात? मग ती ‘स्पेनच्या सुट्ट्यां’ची यादी चुलीत घाला

फोनच्या कॅलेंडरात ‘स्पेन’ निवडलं की नऊ-दहा सुट्ट्या टपाटप येऊन पडतात आणि माणूस निर्धास्त होतो. डोंबल! त्या यादीच्या भरवशावर टेनेरिफेत, म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एकावर, बँकेचं काम ठेवलं, की कुलूप बघत उभं राहायचं.

स्पेनमध्ये वर्षाला पगारी सार्वजनिक सुट्ट्या जास्तीत जास्त १४. त्यातल्या दोन नगरपालिकेच्या. कॅनरी बेटांवर ३० मे हा कॅनरी दिवस, शिवाय प्रत्येक बेटाची स्वतःची एक सुट्टी. २ फेब्रुवारीला कांदेलारियाच्या देवीसाठी टेनेरिफे बंद, तर शेजारच्या ग्रान कनारियात रोजच्यासारखं काम चालू. ८ सप्टेंबरला पिनोच्या देवीसाठी ग्रान कनारिया बंद, टेनेरिफे चालू. स्वायत्त प्रदेश एकच, सरकार एकच! ‘माद्रिद’ निवडून ठेवणाऱ्यांचं तर घड्याळही चुकतं. कॅनरी बेटं माद्रिदच्या एक तास मागे आहेत. आणि ईस्टरचा सोमवार? स्पेनच्याच मायोर्का बेटावर सुट्टी, कॅनरी बेटांवर नाही. इथे गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी असते.

नगरपालिकांचा घोळ तर विचारूच नका. टेनेरिफेतली सांता क्रूस आणि ला लागुना ही शहरं एकमेकांना चिकटलेली, मधून ट्राम धावते. पण ३ मे हा क्रूसाचा दिवस सांता क्रूसचा, आणि १४ सप्टेंबरचा ख्रिस्ताचा उत्सव ला लागुनाचा. ट्राममधून उतरलात की सण बदलला. दक्षिणेला प्लाया दे लास अमेरिकास हा किनारा म्हणे एकच, पण त्याचा एक भाग आरोना नगरपालिकेचा आणि दुसरा आदेखेचा. म्हणून हॉटेलच्या जाहिरातीतलं नाव नका बघू, पत्त्यातली नगरपालिका बघा आणि तिच्या दोन तारखा वेगळ्या शोधा. बेटाची सुट्टी कॅनरी सरकारच्या राजपत्रात मिळते. दर वर्षी नव्याने बघा, कारण रविवारी आलेली सुट्टी कधी सोमवारी ढकलतात, कधी नाही. मंगळवारी सुट्टी आली तर सोमवारही गेलाच समजा; त्याला तिथे ‘पुएंते’, म्हणजे पूल, म्हणतात. सुट्टीला औषध लागलं तर बंद दुकानाच्या दारावरचा कागद वाचा, त्या दिवशी पाळी कोणत्या दुकानाची ते त्यावर असतं. गुआगुआ (बसला तिथे हेच म्हणतात) निघण्याआधी सुट्टीचं वेळापत्रक काढून ठेवा, रोजचं नाही.

आता सरकत्या तारखा. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी: २०२४ला १३ फेब्रुवारी, २०२५ला ४ मार्च. तरी लोक ‘कार्निव्हल फेब्रुवारीत असतो’ असं ठोकून देतात आणि विमानाची तिकिटं वाया घालवतात.

सगळ्यात जास्त संताप टेनेरिफेतल्या ला ओरोतावा गावच्या सणाच्या गालिच्यांवरून होतो. यादीत ‘कॉर्पस क्रिस्ती, रविवार’ (ख्रिस्ताच्या देहाचा सण) असतं, लोक रविवारी जातात आणि फुलांच्या गालिच्यांऐवजी साधे दगडी रस्ते बघून येतात. अहो, तिथले गालिचे कॉर्पसच्या मूळ, परंपरेच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी असतात! ईस्टरमध्ये ६७ दिवस मिळवा: २० एप्रिल २०२५ अधिक ६७, म्हणजे २६ जून. रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे, त्यात गडद रंगासाठी भाजून बारीक केलेलं झुडूप; पालिकेच्या चौकात तेइदे या ज्वालामुखीच्या मातीचा प्रचंड गालिचा, सगळे रंग मातीचेच, वरून रंगवलेलं काही नाही. चौकातला गालिचा करायला कित्येक दिवस जातात, फुलांचे मात्र त्याच दिवशी अंथरतात, आणि संध्याकाळी मिरवणूक त्यावरूनच चालत जाते. म्हणजे बरोबर गुरुवार काढूनसुद्धा जे दिवसभर समुद्रावर लोळून रात्री पोचतात, त्यांना तुडवलेला पाला दिसतो. दुपारी पोचा. आणि गाडी गावात नेऊ नका.