ती चुकीचं गात नव्हती

आज दुपारी एका मैत्रिणीचा मेसेज आला. "मी कॉयर सोडतेय गं. तुमच्यात माझा आवाज बसत नाही. रागावू नकोस."

कॉयर म्हणजे आमचा एकत्र गाणाऱ्यांचा गट. रागावू नकोस म्हणे! रागावलेच आहे मी. फक्त तिच्यावर नाही.

झालं असं, की काल रात्री ती घरी आपला पार्ट घोकत होती. दार लावून, हळू आवाजात, कुणाला त्रास नको म्हणून. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने दाराबाहेर उभं राहून ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काकांचे, मावशीचे, भाच्यांचे. वर मुलाने लिहिलं, "आई, ह्याला तर चालच नाही!" तीन महिने एकही सराव न चुकवणारी बाई एका रात्रीत गप्प झाली.

तिने ते रेकॉर्डिंग मलाही पाठवलं, पुरावा म्हणून. मी समोर कागद घेतला, कानात इयरफोन घातले आणि तीनदा ऐकलं. ती चुकीचं गात नव्हती. एकही सूर चुकलेला नाही. शेवटच्या ओळीत श्वास कमी पडलाय, एवढंच.

ती आल्टो आहे, माझ्यासारखीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार आवाजांच्या कॉयरमध्ये बायकांचे वरचे आवाज सोप्रानो, खालचे आल्टो. पुरुषांचे वरचे टेनर, खालचे बास. बहुतेक वेळा चाल सोप्रानोकडे असते, तीच लोक गुणगुणत घरी जातात. आमच्याकडे चालीच्या पोटातलं सगळं असतं. सध्या बसवतोय त्या गाण्यात आल्टोंना सलग अकरा मात्रा एकच सूर आहे. मग अर्धा सूर खाली, परत वर, आणि पुन्हा तोच. एकटी ऐकली तर ती ओळ गाण्यासारखी वाटणारच नाही. पण त्याच अकरा मात्रांत सोप्रानो वर चढत जातात, बास खाली उतरत जातात आणि मधला आमचा न हललेला सूर एका मात्रेला गोड लागतो, पुढच्या मात्रेला बोचतो, त्याच्या पुढच्या मात्रेला पुन्हा निवतो. आम्ही जागच्या जागीच असतो, आजूबाजूचं सगळं बदलत असतं. कॉयर बसवणाऱ्या आमच्या सरांनी एकदा मुद्दाम आल्टोंना गप्प बसवून बाकीच्यांना गायला लावलं होतं. गाणं मधोमध पोकळ झालं. सोप्रानोंनाच कसंनुसं व्हायला लागलं.

तर ह्या पोराने आईच्या गाण्याचा चौथा हिस्सा दाराआडून उचलला आणि अख्ख्या खानदानाला हसायला दिला.

मला हे एवढं का लागलं, ते सांगते. फार कुणाला सांगितलेलं नाही.

मी अकरा वर्षांची होते. शाळेचा कार्यक्रम, समूहगीत, तिसरी रांग, डावीकडून दुसरी. शेवटच्या तालमीला बाई रांगेमागून फिरत आल्या, हातातल्या गुंडाळलेल्या कागदाने माझ्या खांद्यावर टकटक केलं आणि वाकून कानात म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं." ओरडल्या नाहीत. प्रेमानेच म्हणाल्या. मी ओठ हलवले. शब्दन्‌शब्द, काना-मात्रेसकट, आवाज न काढता. कार्यक्रम झाल्यावर आई धावत आली आणि म्हणाली, "किती छान गायलीस गं! मला तुझा आवाज बरोब्बर ओळखू येत होता."

मी "हो" म्हणाले.

त्यानंतर पस्तीस वर्षं मी कुठेही गायले नाही. एकटी असतानाही नाही. आणि ह्या पस्तीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की बाई चुकल्या असतील.

"गाण्यासाठी मुळात आवाज असावा लागतो." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला मला भेटायचंय. कॉयरमध्ये यायला आवाज असावा लागत नाही हो, कान उघडे असावे लागतात आणि दर आठवड्याला यावं लागतं. जिला आपण बेसूर म्हणतो तिला बहुतेक वेळा सूर नीट ऐकू येत असतो. कान आणि गळा ह्यांची ओळख झालेली नसते, इतकंच. ती ओळख सवयीने होते. खरंच सूर कळत नाहीत, दोन स्वरांतला वर कुठला आणि खाली कुठला हे जन्मतःच उमगत नाही, अशी माणसं असतात हे मान्य आहे. फार थोडी असतात. तुम्हाला गाण्यात कुणी चुकलं की खटकतं ना? मग तुम्ही त्यातले नाही.

माझं काय होतं ते सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. कॉयरच्या पहिल्या दिवशी सरांनी पेटीवर एकेक सूर देत मला खाली न्यायला सुरुवात केली. "अजून खाली जा. अजून. अजून एक." मी जात राहिले. मग ते थांबले आणि आल्टोंकडे बघून म्हणाले, "घ्या, तुमच्याकडे एक आली." बस, एवढंच. माझा आवाज ढाला, म्हणजे खालच्या पट्टीचा होता. शाळेत गाण्याची पट्टी पुढच्या रांगेतल्या दोन मुलींच्या गळ्याला बसेल अशी उंच धरली होती आणि वरच्या सुरावर माझा आवाज फाटत होता. चुकली होती ती पट्टी. तीन पट्ट्या खाली घेऊन कुणी एकदा बघितलं असतं तर? एकदा?

(एक गंमतीची गोष्ट. आल्टो हा शब्द आलाय लॅटिनमधल्या 'उंच' ह्या अर्थाच्या शब्दावरून. जुन्या काळी टेनरच्या वरचा हा आवाज पुरुषच गायचे, म्हणून तो उंच. आज बायकांमधल्या सगळ्यात ढाल्या आवाजाला आपण 'उंच' म्हणतो. मला हे फार आवडतं.)

दुसरा समज असा, की "आल्टोत काय, ज्यांना वर जाता येत नाही त्यांना टाकतात." हे तर कॉयरमधलेच लोक बोलतात, म्हणून जास्त चीड येते. बाजूला पन्नास गळे चाल गात असताना ती चाल न पकडता आपली ओळ धरून ठेवून बघा एकदा. पहिले दोन महिने मी दर वेळी सोप्रानोंच्या मागे वाहत गेले. माझ्या डाव्या हाताला एक वयस्कर बाई उभ्या असायच्या. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे जराशा वळून उभ्या राहायच्या, म्हणजे त्यांचा सूर माझ्या कानात पडेल. शिकवणी म्हणाल तर तेवढीच.

आणि ते "तुझा आवाज वेगळा ऐकूच आला नाही गं"! कार्यक्रमानंतर नातेवाईक असं चुकचुकून म्हणतात. अहो, तो येऊ नये म्हणूनच तर सहा महिने घासलं! उलट शास्त्रीय शिकलेली, बैठकीत गाणारी माणसं आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना जड जातं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड घ्यायची नाही, छोटी नक्षी काढणारी हरकत घ्यायची नाही, सगळ्यांनी 'आ' एकसारखा उघडायचा, शेवटचा 'त' एकाच क्षणी तोडायचा. त्यांचा जीव गुदमरतो, मला समजतं. आपलं गाणं आपल्या मर्जीने मांडण्याचं सुख कॉयरमध्ये नाही, हे खरंच आहे. ज्याला ते हवंय त्याने तिकडे जावं. पण मग कॉयर म्हणजे कच्च्या गायकांची सोय, असं म्हणू नये.

पेटीचा गंधार (सा रे ग मधला ग) आणि तानपुऱ्यातून आपसूक उमटतो तो गंधार एक नसतो, हे गाणाऱ्यांना माहीत असतं. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर धरतात (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). तानपुऱ्याचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरा असतो. आमचे सर कधीकधी पेटी बंद करतात आणि आम्हाला एका जुळणीवर थांबवतात. बासांनी षड्ज (सा) धरलेला, टेनरांनी पंचम (प), गंधार आमच्याकडे. सुरुवातीला तो पेटीचाच लागतो. मग हळूहळू, कुणीही न सांगता, चौदा बायका मिळून तो केसभर खाली आणतात. आणि एका क्षणी खोलीतला आवाज थरथरायचा थांबतो. भिंती गायला लागल्यासारखं वाटतं. त्या चौदांपैकी निम्म्यांना कधी ना कधी कुणीतरी सांगितलेलं आहे की तुला गाता येत नाही.

श्वासाचंही तसंच. लोकांना वाटतं ह्यांचा दम केवढा असेल. चोवीस मात्रांचा सूर एका दमात कुणीच गात नाही. शेजारणीच्या श्वासावर लक्ष ठेवायचं, ती घेईल तेव्हा आपण घ्यायचा नाही. सूर हळूच सोडायचा, घोटभर हवा घ्यायची, हळूच परत शिरायचं. बाहेर ऐकणाऱ्याला फट दिसत नाही. मला पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी श्वासासाठी थांबले आणि माझाच सूर माझ्याशिवाय चालू असलेला ऐकला. पस्तीस वर्षं ओठ हलवणाऱ्या बाईला ते काय वाटलं असेल, मला लिहिता येत नाहीये.

स्वरलिपी वाचता यायला हवी का? नको, यायला लागते आपोआप. वय? आमच्याकडे सत्तरीच्या पुढचे तिघं आहेत. परीक्षा घेतात का? काही ठिकाणी घेतात, कडक घेतात, आणि त्यांना ती घ्यावी लागते हेही ठीक आहे. सगळीकडे नाही घेत. आणि पुरुषांनो, टेनर कुठल्याही कॉयरला कमीच पडतात, कृपा करून या.

एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे, लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख. तिथे १८६९ साली तार्तू गावात पहिला गानमहोत्सव भरला. तेव्हा फक्त पुरुष गायले. आता तो राजधानी ताल्लिनमध्ये साधारण दर पाच वर्षांनी भरतो आणि वीस-पंचवीस हजार माणसं एका वेळी गातात. १९८८ साली हीच माणसं सोव्हिएत सत्तेखाली असताना रात्र रात्र उभं राहून बंदी घातलेली गाणी गायली आणि १९९१ साली देश स्वतंत्र झाला. नुसत्या गाण्याने झाला असं मी म्हणत नाही. पण ह्या वीस-पंचवीस हजारांत दैवी आवाजाचे कितीजण असतील हो? कुणी मागून येऊन त्यातल्या निम्म्यांच्या खांद्यावर कागद टकटकवला असता तर?

एवढं लिहिल्यावर राग थोडा उतरलाय. त्या मुलाबद्दलही जरा वेगळं वाटायला लागलंय. मी त्याला लहानपणापासून ओळखते, वाईट नाही तो. त्याने चाल नसलेलं गाणं कधी ऐकलंच नसेल तर त्याला कसं कळणार? बाळा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. ग्रुपवरचं ते रेकॉर्डिंग काढून टाक आधी. मग आईकडे जा आणि म्हण, परत गा. बाकीचे तीन पार्ट मी तुला पाठवते, कानात घाल आणि ती गात असताना ऐक. हसू आलं तर मला फोन कर.

माझी आई गेली त्याला आता सात वर्षं झाली. मी कॉयरमध्ये गेले ते त्यानंतर दोन वर्षांनी. तिला मी ते ओठांचं कधीच सांगितलं नाही. "मला तुझा आवाज बरोब्बर ओळखू येत होता" हे ती पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मी दर वेळी शेजारी उभी राहून मान हलवायची. आता मी खरंच गाते, तर ऐकायला ती नाही.

मैत्रिणीला अजून उत्तर दिलेलं नाही. इथेच देते.

सोडतेय वगैरे मी वाचलेलं नाही. तुझी फाइल मागच्या वेळी तू खुर्चीवर विसरलीस, ती माझ्याकडे आहे. अकरा मात्रांवर तू पेन्सिलीने 'हलू नकोस' लिहिलंयस, तेही बघितलं. गुरुवारी सात वाजता ये. माझ्या डाव्या हाताला उभी राहा, मी तुझ्याकडे वळून गाईन.