खिडक्यांच्या तक्त्यातलं माप चौकटीचं नव्हे

साताऱ्यात घर बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'नकाशातल्या खिडक्यांच्या तक्त्यातली मापं थेट ॲल्युमिनियमवाल्याला द्या, साइटवर मोजायची गरज नाही.' हे चुकीचं आहे.

तक्त्यात 'डब्ल्यू १ – १.५० × १.२० मी.' असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू १ म्हणजे पहिल्या प्रकारची खिडकी; पुढे आधी रुंदी, मग उंची. आणि हे माप बहुतेकदा भिंतीत सोडलेल्या जागेचं असतं, चौकटीचं नव्हे. तक्त्याखालची टीप वाचा, नसेल तर आर्किटेक्टला विचारा. गिलाव्यानं जागा आणखी घटते. शिवाय गवंडी कितीही पक्का असो, दोन खिडक्या तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक जागा वर, मध्ये, खाली मोजायची आणि सर्वांत कमी रुंदी धरून, बसवण्यापुरती फट सोडून ऑर्डर द्यायची.

तक्ता मात्र फेकू नका. सिल (फरशीपासून खिडकीच्या तळापर्यंतची उंची) ०.९० मी. आणि खिडकी १.२० मी. उंच असेल, तर लिंटेलचा, म्हणजे खिडकीवरच्या तुळईचा, तळ फरशीपासून २.१० मी. वर हवा. बेरीज जुळत नसेल तर सेंटरिंग (लिंटेलच्या काँक्रीटसाठीचा साचा) लावण्याआधीच विचारा.