जेन्युइन पार्टी

नेरुळचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. आता एवढं सरळ लिहितोय, पण घर विकायला काढल्यापासून हे वाक्य तोंडातून काढायची मला बंदी होती. "काका, लिफ्ट नाही असं म्हणायचंच नाही," एजंटनं पहिल्या भेटीतच बजावलं. "लो-राइज सोसायटी, मेंटेनन्स एकदम कमी, असं म्हणायचं." आईचे गुडघे गेली कित्येक वर्षं हाच कमी मेंटेनन्स चढत-उतरत होते आणि त्यांच्यापायीच घर बदलायचं ठरलं होतं. पण विकण्याचं खरं कारणही सांगायचं नाही, असा पुढचा नियम निघाला. "मुलासाठी मोठं घर घेतोय म्हणा. पार्टीला प्रगती आवडते."

एजंटांच्या जगात पार्टी, म्हणजे घर बघायला येणारं गिऱ्हाईक, कधी नुसती नसते. ती जेन्युइन तरी असते, नाहीतर टाइमपास. येताना प्रत्येक पार्टी जेन्युइनच असते. टाइमपास ती जिना उतरून गेल्यावर होते.

मग घर दाखवण्याजोगं करायची मोहीम निघाली. एजंट घरभर फिरला. देव्हाऱ्यापाशी खूश झाला. "मंदिर ईशान्येला आहे, हे प्लस." बाहेरच्या खोलीत आजोबांचा हार घातलेला फोटो आहे, तिथे मात्र थबकला. "हा काढा. थोडं निगेटिव्ह वाटतं." आई म्हणाली, "मामंजी हयात असतानाही असेच दिसायचे." फोटो गेला. त्याच्यामागून कपडे वाळत घालायचा स्टँड गेला, पाण्याचा पिंप गेला, माळ्यावर न मावलेली पितळी भांडी गेली. गेली म्हणजे शेजारच्या काकूंकडे. दर रविवारी सकाळी आमचं घर मोठं व्हायचं आणि काकूंचं लहान. गॅलरी आम्ही पूर्वीच खोलीत घेतली आहे, नवी मुंबईत कोण घेत नाही! पण ती प्लस की मायनस, यावर एजंटांत एकमत नव्हतं. शेवटी असं ठरलं की पार्टीला ती प्लस आणि पार्टीच्या बँकेला मायनस.

खरी कसोटी रविवारचीच. पार्टीला सुट्टी रविवारी आणि दिवाळे गावच्या बाजारातून आमच्याकडे मासळी येते तीही रविवारी. तळलेल्या बांगड्याचा वास फिनेलला दाद देत नाही आणि उदबत्ती लावली तर त्याला धार्मिक अधिष्ठान मिळतं. येणाऱ्या निम्म्या पार्ट्या व्हेज असतात, असं एजंटचं म्हणणं. म्हणून मासळी बुधवारवर गेली. बुधवार म्हणजे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत लोंबकळत घरी यायचं आणि रात्री साडेनऊला पेंगत काटे काढायचे. हे आईला पटेना. एका रविवारी तिनं बंड करून सुरमई तळली. त्या दिवशीची पार्टी नेमकी मालवणची निघाली. त्यांनी घर नापसंत केलं, पण जेवून गेले.

बेडरूमच्या छताला ओलीचा एक जुना डाग होता. उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून गळत असेल तर खर्च सोसायटीचा. वरच्यांच्या बाथरूममधून गळत असेल तर सदस्यांनी आपसात निस्तरायचं. त्यामुळे आमच्या डागातलं पाणी आकाशातलं की चौथ्या मजल्यावरचं, या प्रश्नात कमिटीच्या अनेक अध्यक्षांच्या कारकिर्दी खर्ची पडल्या होत्या. वरच्यांशी आमचं बोलणं गणपतीच्या आरतीपुरतं उरलं होतं. आणि ज्यांनी इतकी वर्षं फरशीला हात लावू दिला नाही, त्यांनी अचानक स्वखर्चानं बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं! एजंटनं त्यांना दोनच मिनिटं समजावलं होतं. खालचा फ्लॅट चांगल्या रेटनं गेला की तोच रेट वरच्यालाही लागतो. शेजारधर्म, कायदा आणि आरती मिळून जे झालं नाही ते चौरस फुटाच्या दरानं करून दाखवलं. पुट्टी लागली, रंग लागला. तरी एजंट म्हणाला, "पाऊस यायच्या आत काढू." मी विचारलं, "रंगावर विश्वास नाही का?" म्हणाला, "रंगावर आहे. पावसावर नाही."

क्षेत्रफळाचा प्रकार आणखी निराळा. जाहिरातीत घर सुपर बिल्टअप होतं, अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, आणि आम्ही राहत होतो कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आत. 2016 चा रेरा कायदा आल्यापासून नव्या प्रकल्पांत बिल्डरला कार्पेटचाच हिशोब द्यावा लागतो. आमच्यासारख्या जुन्या घरांच्या रिसेलमध्ये मात्र साडेआठशे फूट अजून सुखानं नांदतात. एका पार्टीनं चहा येईपर्यंत खिशातून लेझरचं यंत्र काढलं, भिंतींवर लाल ठिपके मारले आणि पाचशे चाळीस असा निकाल दिला. "बाकीचे कुठे गेले?" एजंटनं शांतपणे दाराबाहेर जिन्याकडे हात केला. "कॉमन एरिया." म्हणजे आईचे गुडघे इतकी वर्षं आमच्याच मालकीच्या जागेत झिजत होते.

एक मात्र मी मनाशी पक्कं धरलं आहे. नवी मुंबईतलं घर जे आहे त्यावर विकलं जात नाही, जे येणार आहे त्यावर विकलं जातं. 2008 साली आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा एजंटनं आम्हाला खरं म्हणजे विमानतळ विकला होता, सोबत फ्लॅट मिळाला. त्या विमानतळाचं भूमिपूजन 2018 साली झालं. मध्यंतरी उरणची गाडी येणार होती. ती आधी खारकोपरपर्यंत आली आणि 2024 च्या जानेवारीत उरणला टेकली. अटल सेतू त्याच महिन्यात आला. मग 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला विमानं उडायला लागली आणि आमची पंचाईत झाली. विमानतळ येणार होता तोवर भाव होता. आता आला, तर पार्टी विचारते, "आवाज येतो का हो?" एजंट "छे छे" म्हणायच्या आत आई म्हणायची, "विमानाचा नाही येत. वरच्यांच्या मिक्सरचा येतो."

विमानतळ असा कामातून गेल्यावर एजंटनं फ्लेमिंगो काढले. पामबीच रोडच्या बाजूच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात हे खरं. ते आमच्या बेडरूममधून दिसतात, हे जाहिरातीपुरतं खरं.

मी फ्लॅट एका एजंटकडे दिला होता. त्यानं तो आपल्या ग्रुपवर टाकला, तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला आणि बघता बघता अख्ख्या नेरुळ-सीवूड्सचे एजंट आमचा फ्लॅट विकायला लागले. एका दुपारी मलाच फोन आला. "सर, नेरुळमध्ये टू बीएचके आहे. फ्लेमिंगो व्ह्यू, फ्रेश पेंट. बघून घ्या, ओनर मजबूर आहे."

"मजबूर का?"

"फॅमिली मॅटर आहे सर. भावाभावांत वाद, घर लवकर काढायचंय."

मी एकुलता एक आहे. किंमत विचारली, तर मी सांगितलेल्या आकड्यापेक्षा पाच लाखांनी कमी. क्षणभर वाटलं, घेऊन टाकावा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विस्तारानं सांगितलं तर रडू येईल. नवी मुंबईत जमीन सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, साठ वर्षांच्या लीजवर. म्हणजे घर माझं, पण दुसऱ्याच्या नावावर करायला सिडकोची परवानगी आणि वर ट्रान्सफरचे पैसे. शेअर सर्टिफिकेट हवं होतं. ते लोखंडी कपाटात, साडीखाली घातलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत निघालं. मग सोसायटी. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, हे आमच्या सेक्रेटरींना तोंडपाठ आहे. म्हणून बिल्डिंगच्या रंगकामासाठी द्यायची देणगी त्यांनी वेगळी सांगितली. स्वेच्छेनं द्यायची होती. आकडाही त्यांनीच सांगितला.

अखेर घणसोलीच्या आयटी कंपनीत नोकरी करणारं एक जोडपं आलं. तरुण होते, जिना चढून आल्यावर दोघांनाही धाप लागली नव्हती, त्यामुळे लिफ्टचा विषयच निघाला नाही. तो मनगटावरच्या घड्याळात पायऱ्या मोजून खूश झाला. ती थेट स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून धार बघितली आणि आईला विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" आईनं वेळा सांगितल्या, मिक्सरचं सांगितलं, डाग कुठे होता तेही बोट दाखवून सांगितलं. एजंट गॅलरीत, म्हणजे आता खोलीत, जाऊन उभा राहिला. चार दिवसांनी टोकन आलं. पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापायचा असतो, तो त्यांनी कापला. दलाली एजंटनं दोन्हीकडून कापली. काकूंनी पितळी भांडी परत केली, त्यातलं एक पातेलं सोडून.

आता घर शोधायची पाळी आमची. परवा संध्याकाळी त्याच एजंटचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"काका, सीवूड्सला मस्त फ्लॅट आलाय. दोन लिफ्ट, स्टेशन पाच मिनिटं. आणि ऐका, ओनर मजबूर आहे."

मी काही बोलायच्या आत आईनं फोन ओढून घेतला.

"कितीचा मजबूर आहे रे? पाच लाखांचा की दहा?"