उठू नका, आधी मोजू द्या

पडलेल्या माणसाला आधी हात द्यावा, मग काय ते ज्ञान पाजळावं, ही साधी रीत उत्तर वेल्समध्ये पाळत नाहीत.

तानग्रिशाय हे ब्लायनाय फेस्टिनियोगला चिकटलेलं गाव. पाटीच्या दगडाच्या खाणी बंद पडल्या, पाऊस तेवढा चालू आहे. कुमॉर्थिनच्या चढाला लागून धबधबा आहे. वरून पाणी, बाजूने पाणी, बुटात पाणी, आणि आम्ही आलो होतो पाणी बघायला! फोटोसाठी बायको म्हणाली, "अजून थोडं मागे." मागे पाटीच्या दगडांचा ओला ढीग. सपशेल आपटलो.

"उठू नका," चपटी टोपी घातलेले एक आजोबा ओरडले. वाटलं, हाडबीड बघतायत. त्यांनी हातातली काठी माझ्या मांडीखालच्या दगडाला लावली. काठीवर इंचांच्या खाचा!

"२४ बाय १२ असती तर डचेस. ही २० बाय १०. काउंटेसवर बसलायत तुम्ही."

"मला लागलंय हो."

"लागणारच. कड बघा कशी धारदार आहे. हाताने तासलीय."

छपराच्या पाट्यांची ही मापं. एम्प्रेस, डचेस, काउंटेस, लेडी. सगळ्या बड्या घरच्या. खाणकामगाराच्या बायकोच्या नावाचं एकही माप नाही, हे मी त्यांना सुनावणार होतो, पण बसल्या जागी ओल पार आतपर्यंत पोचली होती.

"एवढी चांगली, तर छपरावर का नाही गेली?" मी कुरकुरलो.

झालं! एक टन मालामागे नऊ-दहा टन दगड कचरा म्हणून ढिगात जायचा, इथून सुरुवात. १९५१ साली राष्ट्रीय उद्यान आखलं, तेव्हा या ढिगांपायी ब्लायनाय तेवढं वगळलं. नकाशात मेदुवड्यासारखं मधोमध भोक. २०२१ साली युनेस्कोने इथल्या खाणींना जागतिक वारसा ठरवलं. "सत्तर वर्षं कचरा, आता वारसा! ढीग तोच."

मग खाणीतली धूळ, त्यांच्या वडिलांचा खोकला. भरपाईचा कायदा यायला १९७९ उजाडलं. तोवर बऱ्याच मोठ्या खाणींना टाळं लागलेलं. यावर काय बोलणार? माझं ढोपर ठणकत होतं, पण वडिलांच्या फुफ्फुसांपुढे ढोपर काढायची सोय राहिली नाही. दुखणाऱ्याला निदान कण्हू तरी द्यावं की नाही! बायको हळहळली आणि तिने छत्री धरली. त्यांच्या डोक्यावर.

"धबधबा मात्र आज काहीच नाही," आजोबा म्हणाले. "काल यायला हवं होतं." धबधब्यापाशी हे सांगणारा माणूस कुठल्याही देशात हजर असतोच, त्याला पगार कोण देतं, देव जाणे.

अखेर त्यांनी हात दिला. मी उठताच ते वाकले, ती पाटी उचलली, दोन बोटांत टोकाला धरली आणि दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारली. ठण्ण!

"शाबूत आहे," ते समाधानाने म्हणाले.

"बरं झालं बाई," बायको म्हणाली.

पाटीबद्दल.